लाँड्रीतली खानावळ

तिला सगळे अळणीमावशी म्हणत. नाव पेशंटांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती आणि त्यातली वीस वर्षं बिनमिठाच्या जेवणाच्या शेगडीवर. चिमूटभर मीठ जास्त पडलं तर डॉक्टर खाली येऊन बोलायचे, कमी पडलं म्हणून पेशंट वरून ओरडायचे. ती दोघांचंही ऐकून घ्यायची. "माझ्या हातचं खाऊन कुणी मेलं नाही," ती म्हणायची, "आणि कुणी बोटंही चाटली नाहीत."

तिनं लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, बावीस वर्षं तिच्यासोबत राहिली ती त्याच हॉस्पिटलातली एक नर्स. हॉस्पिटलात नर्सला सिस्टर म्हणतात, तशी अळणीही तिला सिस्टरच म्हणायची. कामावर, घरी, रागात, लाडात, सगळीकडे सिस्टर. कुणी नवा शेजारी जिन्यात विचारायचा, "या तुमच्या बहीण का?" अळणी न अडखळता सांगायची, "हो, सिस्टर." खोटं न बोलता खोटं निभावून जायचं. सुरुवातीला दार लावून दोघी या उत्तरावर पोट धरून हसायच्या. पुढं हसणं थांबलं, उत्तर तेवढं राहिलं.

सिस्टर आजारी पडली तेव्हा तिला ठेवलं ते त्याच हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर. अळणी स्वतः ताट घेऊन वर जायची, भरवायची, उष्टं ताट घेऊन खाली यायची. कुणी अडवत नव्हतं. सगळी इमारत तिला ओळखत होती. शेवटच्या आठवड्यात सिस्टरचा पुतण्या आला. मुलगा वाईट नव्हता. लहानपणापासून अळणीला मावशी म्हणायचा. त्याच आठवड्यात त्या मजल्यावर एक नवी नर्स आली होती, आणि तिनं दारातच विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

अळणीनं तोंड उघडलं. बावीस वर्षांचं पाठ झालेलं उत्तर ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. समोर कागद होता, त्यावर आडनावं होती, सख्खा पुतण्या शेजारी उभा होता.

"मी खालच्या स्वयंपाकघरातली," ती म्हणाली.

"मग जरा बाहेर बसा हं."

पुतण्यानंही खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुम्ही किती दमलात. घरी जाऊन पडा. आम्ही घरचे आहोत ना आता."

ती घरी गेली नाही. बाहेरच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं, तेव्हाही ती बाकावरच होती. लोक आले ते पुतण्याला भेटले, त्याचा हात हातात घेऊन हळहळले. एका वॉर्डबॉयनं जाता जाता तिला विचारलं, "तुमच्या ओळखीच्या होत्या ना?" ती हो म्हणाली.

त्याच वर्षी ती निवृत्त झाली. घरात दुपार काही केल्या सरायची नाही. सकाळ कशीबशी जायची, संध्याकाळी रस्त्यावर आवाज असायचे, पण बारा ते पाच या वेळेत तिच्या हातांना जन्मभर काम होतं आणि आता ते हात मांडीवर पडून असायचे, कुणी विसरून गेल्यासारखे. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री होती. लाँड्रीवाले आजोबा थकले होते, मुलांना इस्त्रीत रस नव्हता, दुकान वर्षभर बंद होतं. एक दिवस अळणी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा, मला तिथं दुपारचं जेवण करून घालायचंय."

"कुणाला?"

"जो येईल त्याला."

आजोबांनी चावी काढून दिली. "वाफेची सवय आहे त्या भिंतींना," एवढंच म्हणाले.

सहा टेबलं, वेगवेगळ्या घरांतून जमवलेल्या चोवीस खुर्च्या, मागं शेगडी, आणि मधल्या भिंतीला ताटं पुढं सरकवायला एक खिडकी. पूर्वी त्याच खिडकीतून इस्त्रीचे कपडे बाहेर यायचे. एक सूप, एक भाजी, भात, पाव, उकडलेली अंडी. रोज एवढंच. बाहेरची जुनी पाटी काढायला शिडी लागणार होती, म्हणून ती तशीच राहिली: 'कपडे दोन दिवसांत मिळतील.' पहिल्या आठवड्यात तीन माणसं शर्ट घेऊन आली. त्यातला एक जेवून गेला आणि जाताना मीठ मागून गेला.

शेजारच्या गाळ्यात एक शिंपीण कपडे उसवून-बसवून द्यायची. चाळिशीची, उंच, हाताला विलक्षण सफाई. ती पूर्वी पुरुष म्हणून ओळखली जायची. तिच्यातला बदल गल्लीनं पाहिला होता, पण गल्लीची जीभ काही वळली नव्हती. जुनी गिऱ्हाईकं अजून तिला "काय रे, झालं का?" म्हणूनच विचारायची आणि ती मान खाली घालून मशीनचं पायडल मारत राहायची. खानावळ उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन घुटमळली. अळणी खिडकीतून वाकून म्हणाली, "आलीस का? बस, सूप गरम आहे."

शिंपीण बसली. सूप पुढ्यात आलं तरी चमचा उचलेना.

"काय झालं? आवडत नाही का हे?"

"तसं नाही," शिंपीण म्हणाली. "तू 'आलीस' म्हणालीस."

"मग काय म्हणू?"

त्या दिवसापासून शिंपीण रोज बारा वाजता स्वतःचं मशीन झाकून यायची, ताटं वाढायला लागायची आणि अडीच वाजता परत जायची. कुणी तिला ठेवलं नव्हतं. ती राहिली. तिनंच सांगितलं, "मावशी, हे हॉस्पिटल नाही. मीठ घालत जा." अळणी घालायला लागली, पण हात आखडायचाच. शेवटी प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी आली.

खानावळ तशी कुणा एका प्रकारच्या माणसांसाठी उघडलेली नव्हती. ती तशी झाली एका दुपारी. दोन तरुण पोरं भिंतीकडेच्या टेबलाशी जेवत होती. एकाच्या ओठाला सूप लागलं, दुसऱ्यानं बोटानं पुसलं. एवढंच. पलीकडच्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ होते. ते मोठ्यानं म्हणाले, "काय थेरं चाललीत! इथं माणसं जेवतायत."

पोरांनी खुर्च्या मागं सरकवल्या. अळणी पळी हातात घेऊनच बाहेर आली.

"तुम्ही जेवायला आलात ना?" तिनं गृहस्थांना विचारलं.

"हो, पण..."

"मग ताटात बघा. ताट तुमचं आहे, टेबल त्यांचं आहे."

गृहस्थ तणतणत उठून गेले. पोरं जेवली, दुसऱ्यांदा भात घेतला. चार दिवसांनी ती दोघं पाच जणांना घेऊन आली. मग कॉलेजातल्या दोन मुली आल्या, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पुस्तकं वाचत जेवणाऱ्या. तोंडातोंडी गावभर झालं. पाटीमुळं नाव पडलं लाँड्री. "उद्या लाँड्रीत भेटू" असं कुणी फोनवर घरच्यांसमोरही बेधडक म्हणू शकत होतं. घरच्यांना वाटायचं, पोरगं कपड्यांच्या बाबतीत भारीच नीटनेटकं झालंय. कुणी आवाज चढवला की आता अळणीला बाहेरही यावं लागत नसे. सगळी खोली एका सुरात म्हणायची, "ताटात बघा!"

दर मंगळवारी दोन वाजता, गर्दी ओसरल्यावर, एक बसड्रायव्हर यायचे. साठीला टेकलेले, खाकी शर्ट, नातवंडं असलेले गृहस्थ. ते मागच्या टेबलाशी बसायचे आणि पाव तासानं एक घड्याळजी येऊन त्यांच्यासमोर बसायचे. दोघांत बोलणं फार नसायचं. पण एकाचा पाव संपला की दुसरा आपला अर्धा न बघताच पुढं सरकवायचा. तीन वाजता ड्रायव्हर उठायचे, पाच मिनिटांनी घड्याळजी. वेगवेगळ्या दिशांना जायचे. अळणीनं त्यांना कधी काही विचारलं नाही. मंगळवारी मागचं टेबल ती दुसऱ्या कुणाला देत नसे, इतकंच.

खिडकीतून ती हे सगळं बघायची. सहा टेबलं भरलेली, भांड्यांचा आवाज, हसणं. आणि खिडकीच्या या बाजूला वाफ, पळी आणि ती. संध्याकाळी आपला गाळा बंद करून शिंपीण पुन्हा यायची आणि आवरता आवरता सगळं बोलून टाकायची: वडिलांनी घराबाहेर काढलं तो दिवस, आई चोरून फोन करते ते, पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा ड्रेस कसा शिवला ते. अळणी ऐकायची. ऐकण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

एकदा शिंपीण म्हणाली, "मावशी, एक सांगू? तू आमच्यातली नसून इतकं कसं गं समजून घेतेस?"

अळणी पातेलं घासत होती. आता, असं तिला वाटलं. आता बोलावं. पण इतक्या वर्षांचं झाकण गंजून बसलेलं, ते एका वाक्यात निघेना. पातेलं धुऊन उपडं घालून होईतो शिंपीण दुसऱ्याच विषयावर गेली होती. पुढं तर बोलणं आणखी अवघड झालं. आज सांगावं तर काल का नाही सांगितलं, हे आधी सांगावं लागणार होतं.

अकराव्या महिन्यात एक वार्ताहर मुलगी आली. मनानं चांगली, डोळ्यांत पाणी आणून ऐकणारी. ती आठवडाभर रोज जेवली, सगळ्यांशी बोलली, मग वही घेऊन अळणीसमोर बसली.

"मावशी, तुम्ही लग्न का नाही केलं?"

"राहून गेलं."

"मग घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

हेही खोटं नव्हतं. मुलीनं लिहून घेतलं. रविवारी अर्धं पान छापून आलं, फोटोसकट. त्यात एक वाक्य होतं: 'जन्मभर एकट्या राहिलेल्या या बाईंनी स्वतः त्या वाटेच्या नसूनही एकट्या पडलेल्यांसाठी दार उघडलं.' शिंपिणीनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. अळणी शेगडीकडं वळली आणि उकळणाऱ्या सुपात उगाच पळी फिरवत राहिली. जन्मभर एकट्या. बावीस वर्षं कागदावरून पुसली गेली होती आणि पुसायचं फडकं तिनंच हातात दिलं होतं.

सोमवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. त्याची तिनं धास्ती घेतली होती. पण तो खुशीत होता.

"ताई, तुझं नाव झालं की! ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. तुझी भावजय पहिल्यांदा जरा बिचकली, पण मी म्हटलं, अगं नीट वाच, त्यात स्पष्ट लिहिलंय की ताई तसली नाही. समाजसेवा आहे ती."

"हं," अळणी म्हणाली.

"तब्येतीला जप. आणि फोटोत किती वाळल्यासारखी दिसतेस!"

फोटोतच खरी मेख होती. तो मंगळवारी काढलेला. पुढं अळणी, आणि मागं, पाठमोरी, दोन माणसं. चेहरे दिसत नव्हते. खाकी शर्ट दिसत होता, आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं गोल टक्कल.

त्या मंगळवारी मागचं टेबल रिकामं राहिलं. पुढच्याही. तोवर पोरांनी हौसेनं वर्गणी काढून नवी पाटी करून आणली. सात रंगांची, ठळक अक्षरांत 'लाँड्री', आणि खाली 'इथे सर्वांचं स्वागत.' जुनी पाटी खाली आली. अळणीला नाही म्हणवेना. दुपारी रांग लागायला लागली. लोक ताटाचे फोटो काढायचे, तिच्याबरोबर काढायचे. शिंपीण कौतुकानं फुलून गेली होती. फक्त जी माणसं गुपचूप यायची, ती एकेक करून यायची थांबली. पोस्टातला एक कारकून, टोपी खाली ओढून बसणारी एक मास्तरीण. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. ती नुसती आली नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी अळणीनं शेगडी शिंपिणीवर सोपवली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. दोन बस सोडल्या. तिसरीत ड्रायव्हर होते. ती चढली आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसली. आरशात दोघांची नजर मिळाली.

"कुठं उतरायचंय, बाई?" ते म्हणाले. अगदी अनोळखी आवाजात.

"तुमच्याशी बोलायचंय."

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं. पाटी लावलीय."

होती खरी पाटी, त्यांच्या डोक्याच्या वर. अळणी गप्प बसली. सगळा रस्ता ती त्यांच्या मानेवरच्या पिकल्या केसांकडं बघत राहिली. शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर उतरून सावलीत उभे राहिले, बाटलीतलं पाणी प्यायले.

"राग नाही हो तुमच्यावर," ते म्हणाले. "पण आम्ही तिथं का येत होतो ठाऊक आहे? तिथं आम्हाला कुणी काही म्हणत नव्हतं. चांगलंही नाही. आता त्याला नाव पडलं. सुनेनं फोटो बघितला. काही बोलली नाही. नुसता माझा शर्ट दोरीवरून काढून घडी करून ठेवला, माझ्याकडं बघत."

"आणि घड्याळजी?"

"त्याच्या मुलानं त्याला दुकानात बसवलंय आता. पूर्ण दिवस. दुपारी डबा येतो घरून." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी तिथून गाडी नेतो रोज. तो मान वर करत नाही. बारीक काम असतं त्याचं."

अळणीला वाटलं, यांना सांगावं. याच माणसाला. हा ऐकेल, आणि कुणाला सांगणार नाही. "माझ्याही घरी," तिनं सुरुवात केली, आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटा वाजवली.

"चला, बसा," ड्रायव्हर म्हणाले. "तिकीट परतीचंच समजा."

ती बसली. परतीच्या वाटेवर गाडी भरलेली होती आणि आरशात तिला फक्त दुसऱ्यांचे चेहरे दिसले.

त्यानंतर खानावळ तीन महिने चालली. कॉलेजजवळ एक मोठं, गाणी लावणारं, सोफे असलेलं ठिकाण निघालं, तिथंही सर्वांचं स्वागत होतं आणि मीठही बेताचं होतं. पोरं तिकडं गेली. त्यांचं काय चुकलं? वय होतं त्यांचं. येताजाता भेटली की "मावशी, येतो हं एकदा" म्हणायची, मनापासून. जुनी गिऱ्हाईकं परतली नाहीत. कधी कधी दीड वाजता सहा टेबलं मोकळी असायची, आणि अळणी आणि शिंपीण एकाच टेबलाशी बसून जेवायच्या. चौदावा महिना संपला तेव्हा तिनं आजोबांना चावी परत दिली.

शेवटच्या दुपारी दोघी खुर्च्या एकावर एक रचत होत्या. शिंपीण रडत होती, नाक पुसत होती, मधेच हसत होती.

"सिस्टर असती तर म्हणाली असती, पायांना पट्टी बांध," अळणी म्हणाली. कसं निघून गेलं तिलाही कळलं नाही.

"कोण सिस्टर? तुझी बहीण?"

"नाही," अळणी म्हणाली. "बहीण नव्हे. आम्ही बावीस वर्षं एकत्र राहिलो. जसं राहतात तसं."

शिंपीण हातातली खुर्ची धरून उभीच राहिली. मग ती खाली ठेवली आणि तिच्यावर बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"तुम्ही मला चौदा महिने बोलू दिलंत."

त्या 'तुम्ही'नं अळणीला चटका बसला.

"माझं सगळं, आतडं पिळून काढलेलं, तुम्ही ऐकलंत. आणि मी तुम्हाला म्हणत राहिले, तू आमच्यातली नसून, तू आमच्यातली नसून. मी मूर्ख ठरले की नाही? तो पेपर मी मोठ्यानं वाचला. सगळ्यांसमोर. तुम्ही तिकडं तोंड करून उभ्या होतात."

"मला जमलं नाही गं."

"आम्हाला कुणाला जमलं होतं?"

तिनं पिशवी उचलली आणि ती गेली. उरलेल्या अकरा खुर्च्या अळणीनं एकटीनं रचल्या.

तीन आठवडे शिंपीण भेटली नाही. गल्लीतून जाताना तिच्या मशीनचा आवाज यायचा, आणि अळणी जवळ आली की थांबायचा. मग एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची कडी वाजली. दारात शिंपीण, जिना चढून दमलेली.

"चहा टाक," ती म्हणाली. "राग गेलेला नाही माझा. पण टाक."

चहा झाला. शिंपीण खिडकीशी बसली, दुसरी खोली तिनं दारातूनच पाहिली.

"सांग आता. पहिल्यापासून. कशी होती ती?"

अळणीनं कप खाली ठेवला. तिला वाटलं होतं, एकदा बांध फुटला की धो धो येईल. पण आलंच नाही काही. जी गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, तिला शब्दच फुटलेले नव्हते. कुठून धरायचं तेच कळेना.

"डावखुरी होती," ती शेवटी म्हणाली.

शिंपीण वाट बघत राहिली. "आणि?"

"आणि जिना चढताना पायऱ्या मोजायची. रोज. जशी काही एखादी कमी होणार होती."

"कमी झाली का?"

"नाही. अठ्ठेचाळीस."

"मला त्या शंभर वाटल्या," शिंपीण म्हणाली. त्या दिवशी एवढंच झालं.

ती पुढं काही रविवार आली. पावसाळ्यानंतर तिला दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम मिळालं. तिथं तिला कुणी 'अरे' म्हणून ओळखत नव्हतं, म्हणून ती गेली. जायलाच हवं होतं. खानावळीच्या जागी आता किल्ल्या बनवणारा बसतो. अळणी त्या बाजूनं जाते तेव्हा थांबत नाही, चाल मात्र आपोआप मंदावते. ड्रायव्हर निवृत्त झाल्याचं तिनं कंडक्टरकडून ऐकलं.

शिंपीण रविवारी अकराला फोन करते. पहिली पाच मिनिटं कारखान्याची, मग विचारते, "बोल, आज काय?" आयत्या वेळी काही सुचत नाही म्हणून अळणी आठवडाभर, आठवेल तसं, कॅलेंडरच्या पानामागं लिहून ठेवते. या आठवड्यात दोनच गोष्टी झाल्यात. सिस्टरला शिट्टी वाजवता यायची. आणि तिला मांजरं आवडत नसत, पण मांजरांना ती फार आवडायची. तिसरी काहीतरी काल दुपारी आठवली होती, लिहायला उठेपर्यंत गेली. आज शनिवार आहे. पेन्सिल हातात घेऊन ती बसली आहे.